डिस्क शांत होती म्हणजे नेमकं काय?

मेसेज क्यूवर काही काम करायचं ठरवून तुम्ही साहित्याचा आढावा घ्यायला बसलात, की पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक पेपर समोर येणार. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांचा, २०११ साली अथेन्सला झालेल्या नेटडीबी कार्यशाळेतला, काफ्का ही प्रणाली मांडणारा. तिघंही तेव्हा लिंक्डइनमध्ये होते. (नारखेडे मूळच्या पुण्याच्या, पीआयसीटीच्या विद्यार्थिनी. आपल्याकडे या पेपरबद्दल जरा जास्त आपुलकी असते, ती त्यामुळेही.) पेपर छोटा आहे, भाषा सरळ आहे, आणि पहिल्यांदा पेपर वाचणाऱ्याला हातात द्यावा असाच आहे. मी स्वतः ज्युनियर मुलांना हाच देते.

पण त्यातल्या निकालांच्या भागात एक वाक्य आहे, त्यावर थोडं थांबायला हवं. मेसेज वाचण्याच्या चाचणीत काफ्का बाकीच्या दोघांपेक्षा, म्हणजे ॲक्टिव्हएमक्यू आणि रॅबिटएमक्यूपेक्षा, चौपटीहून जास्त वेगवान का ठरला याची कारणं लेखक देतात. त्यातलं एक असं: ॲक्टिव्हएमक्यूचा एक थ्रेड काहाडीबीची पानं डिस्कवर लिहिण्यात गुंतलेला आढळला, आणि उलट काफ्काच्या ब्रोकरवर डिस्कवर लिहिण्याची काहीच हालचाल नव्हती. ना आकडा, ना आलेख. दोन ओळी आणि पुढे. या दोन ओळींवरून लोक 'काफ्का डिस्क कमी वापरतो' असं बिनधास्त लिहून मोकळे होतात, आणि आपल्या निबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ते वाक्य जाऊन बसतं. व्हायव्हात कुणी विचारलं की 'शांत होती हे कशावरून?', तर उत्तर आपल्याला द्यायचं असतं, क्रेप्स येत नाहीत.

आधी चाचणी काय होती ते बघू. दोन लिनक्स मशिन्स, प्रत्येकी ८ कोअर, १६ जीबी मेमरी, ६ डिस्क रेड १० मध्ये जोडलेल्या, मध्ये १ गिगाबिटचं नेटवर्क. एका मशिनवर ब्रोकर, म्हणजे मेसेज घेऊन ठेवणारा आणि मागितले की देणारा मधला माणूस. दुसऱ्यावर कधी मेसेज पाठवणारा प्रोड्यूसर, तर कधी ते उचलणारा कन्झ्युमर. एकूण १ कोटी मेसेज, प्रत्येक २०० बाइटचा. इथं कागद-पेन्सिल घ्या. १ कोटी गुणिले २०० म्हणजे २ जीबी. काफ्का प्रत्येक मेसेजमागे ९ बाइट जादा खर्च करतो, ॲक्टिव्हएमक्यू १४४. हे आकडे पेपरमध्येच आहेत. म्हणजे काफ्काचा साठा सुमारे २.१ जीबी, ॲक्टिव्हएमक्यूचा ३.४ जीबी. (पेपर म्हणतो ॲक्टिव्हएमक्यूला ७० टक्के जास्त जागा लागली, २०९ आणि ३४४ यांचा हिशेब केला तर ६५ येतात. फार मोठी गोष्ट नाही, पण पेपर वाचताना आकडे स्वतः करून बघायची सवय अशीच लागते.)

मेमरी १६ जीबी. दोन्ही साठे त्यात आरामात मावतात.

लेखकांनी हे लपवलेलं नाही, हे मुद्दाम सांगते. सगळे मेसेज मेमरीत मावत असल्यामुळे तिन्ही प्रणाली पेज कॅशमधून किंवा स्वतःच्या बफरमधून डेटा देत होत्या, असं त्यांनी त्याच भागात साफ लिहिलंय. म्हणजे वाचनाच्या चाचणीत डिस्कवरून वाचणं झालंच नाही. वाचणाऱ्यांनी ते वाक्य सोडलं आणि पुढचं उचललं. यात लेखकांचा दोष निम्मा, आपला निम्मा.

पेज कॅश म्हणजे काय, हे ज्यांचं संगणकशास्त्र नाही त्यांच्यासाठी. किराणा दुकानदार दिवसभर उधारी कच्च्या वहीत मांडतो आणि रात्री पक्क्या खातेवहीत उतरवतो. प्रोग्रॅमनं 'लिही' म्हटलं, की लिनक्सचा कर्नल ते मेमरीतल्या कच्च्या वहीत लिहून घेतो आणि 'झालं' म्हणून सांगतो. डिस्कवर ते नंतर उतरतं. साधारणपणे कर्नलच्या मूळ सेटिंगनुसार असं पान ३० सेकंद जुनं झालं की ते उतरवायला काढलं जातं, किंवा अशी पानं फार साचली तर त्याआधी. प्रोग्रॅमला तातडीनं पक्क्या वहीत हवं असेल तर त्याला एफसिंक म्हणून वेगळी विनंती करावी लागते. आणि क्यूच्या बाबतीत गंमत अशी, की उधारी संध्याकाळच्या आत फिटली तर चिठ्ठी फाडून टाकली जाते, पक्क्या वहीत तिची नोंद कधी होतच नाही. मेसेज आला, वाचला गेला, फाइल पुसली गेली, सगळं अर्ध्या मिनिटात. डिस्कला पत्ताही नाही.

आता ॲक्टिव्हएमक्यूच्या त्या थ्रेडकडे परत या. 'थ्रेड पानं डिस्कवर लिहिण्यात गुंतलेला होता' हे निरीक्षण थ्रेडबद्दलचं आहे. थ्रेड लिहीत असतो तेव्हा तो कच्च्या वहीत लिहितोय का एफसिंकसाठी थांबलाय, यावर अर्थ पूर्ण बदलतो. पहिल्या बाबतीत थ्रेड प्रोसेसर खातोय, डिस्क कदाचित निवांत आहे. दुसऱ्या बाबतीत थ्रेड झोपलाय आणि डिस्क राबतेय. 'गुंतलेला' या एका शब्दात दोन्ही बसतात. त्यात त्याच पेपरमध्ये, मेसेज पाठवण्याच्या चाचणीबद्दल, ॲक्टिव्हएमक्यूचा एक सर्वात व्यग्र थ्रेड बी-ट्री चाळण्यात बहुतेक वेळ घालवत होता असंही लिहिलंय. बी-ट्री चाळणं हे प्रोसेसरचं आणि मेमरीचं काम. तेव्हा वाचनाच्या चाचणीतही तसंच काहीसं चाललं असेल ही शंका रास्त आहे, आणि ती दूर करणारा आकडा पेपरमध्ये नाही.

काफ्काच्या बाजूचं निरीक्षण मला खरं वाटतं. फक्त ते निरीक्षण म्हणून फारसं काही सांगत नाही. २०११ च्या रचनेत ब्रोकर काही ठरावीक मेसेज जमले किंवा ठरावीक वेळ गेला की ते डिस्कवर उतरवायचा, आणि उतरवल्यानंतरच ते कन्झ्युमरला दिसायचे. मग कन्झ्युमर वाचायला लागला तोवर लिहायला शिल्लक काय राहणार? काहीच नाही. शिवाय कुणी कुठपर्यंत वाचलं याची नोंद ब्रोकर ठेवत नव्हता. ती नोंद, म्हणजे ऑफसेट, कन्झ्युमरकडून झूकीपर या वेगळ्या सेवेकडे जायची. झूकीपर आपले व्यवहार डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहितो. म्हणजे थोडंसं का होईना, लिहिणं होतंच; ब्रोकरच्या खात्यावर नव्हतं इतकंच. ॲक्टिव्हएमक्यूचं सगळं लिखाण एका घरात आणि काफ्काचं दोन घरांत वाटलेलं असताना आपण एकाच घराची झडती घेतली तर तुलना बरोबरीची होत नाही. माझा अंदाज, झूकीपरचं ते लिखाण अगदी किरकोळ असणार, कारण नोंद प्रत्येक मेसेजमागे न जाता अधूनमधून जाते. पण किरकोळ आहे हे दाखवायला दोन मिनिटांचं मोजमाप पुरलं असतं.

खरी अडचण याच्याही पुढे आहे. वाचनाचा वेग काय मिळाला? काफ्काला सेकंदाला २२,००० मेसेज. २०९ नं गुणा: सेकंदाला साधारण ४.६ एमबी. नेटवर्कच्या भाषेत ३७ मेगाबिट, आणि तार आहे १,००० मेगाबिटची. बाकीचे दोघे याच्या एक चतुर्थांशाहून कमी, म्हणजे ५,५०० मेसेजच्या आत. ॲक्टिव्हएमक्यूचे जाडे मेसेज धरले तरी सेकंदाला २ एमबीच्या आतबाहेर. लेखकांनी चौपट फरकाची तीन कारणं दिलीत: काफ्काचा साठा आटोपशीर असल्यानं तारेवरून कमी बाइट गेले, बाकीच्यांना प्रत्येक मेसेजची स्थिती सांभाळावी लागली, त्यातच ते डिस्कवरचं लिखाण, आणि काफ्का सेंडफाइल वापरून डेटाची मधली नक्कल वाचवतो. तिन्ही कारणं रचनेच्या दृष्टीनं बरोबर आहेत. पण तार ९६ टक्के रिकामी असताना कमी बाइट गेल्याचा फायदा किती? मेमरीतल्या मेमरीत नक्कल सेकंदाला गिगाबाइटांच्या वेगानं होते, तिथं ४.६ एमबीची नक्कल वाचवून काय मिळणार? आणि डिस्कच्या बाबतीत तर आकडाच नाही. मला वाटतं खरा खर्च प्रत्येक मेसेजमागे प्रोसेसरवर होणाऱ्या कामात होता, आणि दुसऱ्या कारणातला 'स्थिती सांभाळणं' हा भाग खरा, 'डिस्कवर लिहिणं' हा भाग फक्त डोळ्यांना दिसणारा.

हे माझं मत झालं. ते खरं की खोटं हे ठरवण्याचा मार्ग मात्र अवघड नाही, आणि पेपरमध्ये त्याचीच उणीव आहे. काहाडीबीची फोल्डर डिस्कवरून काढून टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीतच असलेल्या फाइल सिस्टीमवर ठेवायची आणि तीच चाचणी परत चालवायची. वेग ५,००० वरून १५,००० वर गेला, तर डिस्क दोषी. जागचा हलला नाही, तर डिस्कचा काही संबंध नाही, ती बिचारी शेजारी उभी होती. तीन कारणं एकत्र सांगितली की वाचणाऱ्याला तिन्ही पटतात. एकेक काढून बघितलं की कळतं कुणाचं वजन किती. तुमच्या मार्गदर्शकांनी तुमच्या पहिल्या मसुद्यावर लाल शाईनं जे लिहिलं असेल, तेच मी इथं नावाजलेल्या पेपरवर लिहितेय. हा पेपर कार्यशाळेचा आहे, पानांची मर्यादा असते, आणि लेखकांना प्रणाली मांडायची होती. मोजमापाचा ग्रंथ लिहायचा नव्हता, हे मान्य. त्यांनी प्रोड्यूसर ब्रोकरच्या पोचपावतीची वाट बघत नाही, म्हणून पाठवलेला प्रत्येक मेसेज पोचलाच असेल याची खात्री नाही, हेसुद्धा स्वतःहून सांगितलंय. इतका प्रामाणिकपणा आजच्या कित्येक पेपरांत सापडत नाही.

वेळेचाही एक हिशेब करा. प्रोड्यूसरच्या चाचणीत ५०-५० मेसेजचा गठ्ठा केला तेव्हा काफ्कानं सेकंदाला ४,००,००० मेसेज घेतले. १ कोटी मेसेज २५ सेकंदांत संपले. वर कच्च्या वहीचा काळ सांगितला तो ३० सेकंद! काफ्का स्वतःच मधूनमधून फ्लश करत होता म्हणून बरं, नाहीतर अशा चाचणीत डिस्कनं काम सुरू करायच्या आतच निकाल लागला असता. तेच मेसेज वाचायला मात्र साडेसात मिनिटं लागली, आणि बाकीच्या दोघांना अर्ध्या तासाहून जास्त. अर्ध्या तासात कधी ना कधी थ्रेड लिहिताना दिसणारच. तेव्हा डिस्कची हालचाल सांगायची तर 'दर मेसेजमागे किती बाइट लिहिले गेले' असं सांगायला हवं.

मग हे मोजायचं कसं? यात पाय घसरण्याच्या जागा पुष्कळ आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

सगळे जण आधी आयओस्टॅट लावतात. लावा, पण त्याचा पहिला अहवाल फेकून द्या. तो मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो, तुमच्या प्रयोगाशी त्याचा संबंध नसतो. दुसरं, शेवटच्या रकान्यातला 'युटिल टक्के' हा आकडा फार मोहात पाडतो. तो एवढंच सांगतो की गेलेल्या वेळातला किती वेळ डिस्ककडे निदान एक तरी काम पडलेलं होतं. एकच फिरती डिस्क असेल तर ठीक. पण रेडचा संच किंवा आजची एसएसडी एकाच वेळी अनेक कामं करते, त्यामुळे १०० टक्के दिसूनही तिची क्षमता बरीच शिल्लक असू शकते. आयओस्टॅटच्या स्वतःच्या माहितीपानावर हा इशारा छापलेला आहे. पेपरमधल्या मशिनला सहा डिस्क होत्या, तिथं हा आकडा दिला असता तरी त्यावरून काही ठरलं नसतं.

आयओस्टॅटचे आकडे येतात प्रॉक फाइल सिस्टीममधल्या डिस्कस्टॅट्स या फाइलमधून. ती स्वतः वाचून तुमच्या स्क्रिप्टमध्ये नोंदवणं जास्त चांगलं. त्यात सेक्टर हे नेहमी ५१२ बाइटचं माप असतं, तुमच्या डिस्कचा खरा सेक्टर ४,०९६ चा असला तरी. आणि सॉफ्टवेअर रेड असेल तर जपून: रेड १० वर १०० एमबी लिहिलं की संचाच्या ओळीत १०० दिसतात, आणि खालच्या डिस्कांच्या ओळींत मिळून २००, कारण प्रत्येक गोष्ट दोनदा ठेवली जाते. सगळ्या ओळींची बेरीज मारणाऱ्याला ३०० मिळतात. पार्टिशनच्या ओळी त्याहून वेगळ्या.

ब्रोकरनं किती लिहिलं हे वेगळं काढायचं तर प्रत्येक प्रोसेसची आयओ नावाची फाइल असते. त्यातला डब्ल्यूकॅर म्हणजे प्रोग्रॅमनं 'लिही' म्हणून जितकं सांगितलं तितकं सगळं, सॉकेटवर पाठवलेलंसुद्धा. राइट-बाइट्स म्हणजे डिस्ककडे जाणार असलेलं. 'जाणार असलेलं' हा शब्द महत्त्वाचा. हा आकडा पान कच्च्या वहीत मळतं त्या क्षणी वाढतो, डिस्कवर उतरतं तेव्हा नाही. पान उतरायच्या आत फाइल पुसली गेली तर तो कमी होत नाही, त्याऐवजी कॅन्सल्ड-राइट-बाइट्स हा तिसरा आकडा वाढतो. टेक्स्ट एडिटर वापरताना याचा काही फरक पडत नाही. पण क्यू म्हणजे लिहून लगेच पुसणारा प्राणी. तिथं राइट-बाइट्स २ जीबी, रद्द झालेले १.५ जीबी, आणि डिस्कनं प्रत्यक्ष लिहिलेलं अर्धा जीबी, हे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. 'ब्रोकरनं २ जीबी डिस्कवर लिहिलं' असं छापून आलं की कुणाला शंकाही येणार नाही.

बाइटपेक्षाही मला फ्लशची संख्या जास्त बोलकी वाटते. मेसेज टिकेल याची हमी देणाऱ्या क्यूचा वेळ बाइट लिहिण्यात कमी आणि 'पक्कं झालं ना?' हे विचारून वाट बघण्यात जास्त जातो. लिनक्स ५.५ पासून डिस्कस्टॅट्समध्ये पूर्ण झालेल्या फ्लश विनंत्या आणि त्यांना लागलेला वेळ हे दोन रकाने आलेत. पार्टिशनच्या ओळीत ते भरले जात नाहीत, पूर्ण डिस्कची ओळ बघावी लागते. शिवाय कर्नल जवळजवळ आलेल्या विनंत्या एकत्र करून पाठवतो, त्यामुळे ब्रोकरनं हजार वेळा एफसिंक केलं म्हणून इथं हजार दिसतीलच असं नाही. ब्रोकरच्या बाजूनं एफसिंक मोजायचे तर एसट्रेस लावता येतो, पण तो स्वतःच ब्रोकरला इतका मंद करतो की वेगाची चाचणी आणि ही चाचणी वेगवेगळ्या फेरीत घ्या.

आणि डेटा मेमरीपेक्षा मोठा ठेवा. १६ जीबीच्या मशिनवर ४०-५० जीबीचे मेसेज करणं परवडत नसेल, तर ब्रोकरला सीग्रुपमध्ये टाकून त्याची मेमरी आवळा. पेज कॅशही त्याच मर्यादेत मोजली जाते. पीएचडीच्या विद्यार्थ्याला मोठं मशीन मिळत नाही ही तक्रार इथं चालत नाही, उलट लहान मशीनच बरं.

शेवटी एक गोष्ट, कारण २०११ च्या पेपरवरून आजच्या काफ्काबद्दल लिहिणारे अजूनही भेटतात. तेव्हाचं ते वाक्य आज शब्दशः चुकीचं ठरेल. २०१५ मध्ये आलेल्या ०.९ आवृत्तीच्या नव्या कन्झ्युमरपासून ऑफसेटच्या नोंदी झूकीपरकडे न जाता काफ्काच्याच एका अंतर्गत टॉपिकमध्ये लिहिल्या जातात. म्हणजे नुसतं वाचलं तरी ब्रोकरच्या डिस्कवर लिखाण होतं, आणि तो टॉपिक आटोपशीर ठेवण्यासाठी जुन्या नोंदी गाळून परत लिहिण्याचं काम मागे चालू असतं. दुसरीकडे, मेसेज उतरवल्यावरच दाखवायचा ही जुनी अटही गेली. आता मूळ सेटिंगमध्ये काफ्का स्वतःहून मेसेजमागे फ्लश करत नाही, ते कर्नलवर सोडतो आणि भिस्त इतर ब्रोकरवरच्या प्रतींवर ठेवतो. रॅबिटएमक्यूनं मात्र २०१९ च्या ३.८ आवृत्तीत कोरम क्यू आणली, आणि ती आधी लॉगमध्ये लिहून, एफसिंक करून मगच पुढे जाते. आज या दोघांना शेजारी ठेवून डिस्क बघितली तर रॅबिटएमक्यू राबताना दिसेल आणि काफ्का बराच निवांत, पण दोघांनी दिलेलं वचन वेगळं आहे. आमच्या लॅबमध्ये सेन्सरचा डेटा रॅबिटएमक्यूमधून जातो, आणि वीज गेली तर किती सेकंदांचं वाचन हरवेल हा आमचा प्रश्न आहे. त्यासाठी या आठवड्यात मी फ्लशचा तो रकाना दर सेकंदाला नोंदवायला लावलाय, कोरम क्यूसाठी एकदा आणि जुन्या क्यूसाठी एकदा, दोन्ही फेऱ्यांत तेच मेसेज, तीच डिस्क, आणि सीग्रुपमध्ये १ जीबी.